पाणी न पिण्याचा नियम

मी काय शिकले ते आमच्या नात्यात आजही कुणाला धड सांगता येत नाही. लग्नकार्यात थोरली आत्या माझी ओळख करून देते, "ही आमची पोरगी. वेड्यांच्या दवाखान्यात असती. पण डॉक्टर नाय." त्यातला 'पण' ती एवढा दाबून म्हणते, की समोरचा माणूस माझ्याकडे बघून हळहळतो. मी एम.एस.डब्ल्यू. केलं, त्यातही मेडिकल आणि सायकिअॅट्रिक हा विषय घेतला, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. समाजसेवा करायला कॉलेज कशाला लागतं? तेही फी भरून? पूर्वी मी समजावून सांगायचे. आता म्हणते, लागतं. तुम्हाला फुकटात जमणार नाही म्हणून लागतं.

मध्यंतरी एक स्थळ आलं होतं. मुलाच्या काकांनी कप खाली ठेवत विचारलं, असल्या पेशंटांमध्ये राहून माणसावर काही परिणाम होतो का? मी म्हटलं, होतो ना, भोचक माणूस लांबूनच ओळखू येतो. आईनं स्वयंपाकघराच्या दारातून डोळे वटारले. ते लोक पुन्हा फिरकले नाहीत आणि मला त्याचं आजवर काही वाटलेलं नाही.

वडील एसटीत वाहक होते. त्यांनी एकदाच विचारलं, "नोकरी लागती का ह्याच्यावर?" मी 'लागते' म्हणून ठोकून दिलं. लागते, पण कशी लागते ते शिकून झाल्यावर कळलं. वर्गातले बरेच जण कंपन्यांच्या सीएसआरमध्ये गेले. झाडं लावतात आणि त्या झाडांसोबत साहेबांचे फोटो काढतात. काही जण शाळांत समुपदेशक झाले आणि तिथं रजेवरच्या मास्तरांचे गणिताचे तास घेतात. मी दवाखान्याच्या वाटेनं गेले. तिथं अकरा महिन्यांचा करार असतो आणि बाराव्या महिन्यात आपण आहोत की नाही हे ऑफिसात जाऊन विचारावं लागतं.

तरी मी ही वाट सोडलेली नाही, आणि सोडणारही नाही. डॉक्टर गोळी लिहून देतात. ती गोळी ज्या घरात जाते त्या घराचं आम्ही बघतो. गोळी कोण देणार, कोण लपवणार, चार दिवस बरं वाटलं की 'आता बंद करा' असं कोण म्हणणार, हे केसपेपरवर लिहिलेलं नसतं. त्यासाठी घरात जाऊन बसावं लागतं. ह्या बसण्याचं शिक्षण असतं आणि ते दोन वर्षांचं असतं. ज्यांना ह्यात काही शिकण्यासारखं दिसत नाही त्यांनी एखाद्या घरी जाऊन बसून दाखवावं.

तर ही गोष्ट त्या बसण्याचीच आहे.

दुसऱ्या वर्षी माझं फील्डवर्क शहरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात, मानसोपचार विभागात लागलं. तिथल्या सोशल वर्कर मॅडम माझ्या सुपरव्हायझर. मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या संस्थेत शिकून आलेल्या, कडक इस्त्रीची सुती साडी, बोलणं मोजकं. त्यांच्याबद्दल मी पुढे बरंच वाकडं बोलणार आहे, म्हणून आधीच सांगते की ऐकायचं कसं ते मला त्यांनीच शिकवलं. समोरचा माणूस गप्प झाला की आपण गडबडून पुढचा प्रश्न विचारतो. त्या विचारायच्या नाहीत. बसून राहायच्या. मग तो माणूस आपसूक खरं बोलायला लागायचा.

पण त्यांच्याकडे नियमही होते. घरभेटीला गेलं की क्लायंटच्या घरी काही खायचं नाही, प्यायचं नाही, आणि स्वतःविषयी काही सांगायचं नाही. कारणंही त्या पटतील अशी द्यायच्या. आज चहा घेतला की उद्या साडी येते, परवा सर्टिफिकेट मागायला माणूस येतो. शिवाय गरीब घरात आपल्यासाठी शेजारून दूध आणतात, तो भार आपण का घालायचा? हे सगळं वहीत उतरवून घेताना मलाही पटलं होतं. हा नियम ज्या देशात तयार झाला तिथं दारात आलेल्या माणसाला पाणी विचारायची पद्धत नसावी, असा विचार तेव्हा काही माझ्या मनात आला नाही.

चितेगावहून एक मुलगी यायची. बाविशीतली असेल. पैठण रोडवरच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. लाइनवर काम करताना तिला वाटायला लागलं की बाकीच्या पोरी मशिनच्या आवाजाआडून आपल्याविषयीच बोलतात. मग मशिन बंद असतानाही ते बोलणं ऐकू यायला लागलं. मग घरी, मग झोपेतही. तिनं काम सोडलं, जेवण सोडलं, आणि एके दिवशी शेजारणीच्या दारात जाऊन 'तू माझं नाव का घेतीस' म्हणून उभी राहिली.

तिच्या आईनं तिला आमच्याकडे आणलं. नवरा नसलेली, कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटणारी, उंच, ताठ बाई. केसची सगळी माहिती मीच घेतली होती. आधी कुठं दाखवलं का, असं विचारल्यावर तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी घाण बोलले. "गल्लीतल्या बायकांनी दहा बाबा सांगितले. कुणी म्हणं अमक्या दर्ग्यावर न्या, कुणी म्हणं उतारा टाका. म्या एकीचं ऐकलं नाय. आमच्यात अंगात येत नाय, ताई. आजार झाला तर डॉक्टर. आमाला तसंच शिकवलंय."

ते कुणी शिकवलं हे मला विचारायची गरज नव्हती. आमच्या घरातही तेच शिकवलंय. पण स्वतःविषयी सांगायचं नाही असा नियम होता, म्हणून मी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला.

गोळ्या लागू पडल्या. महिन्या-दीड महिन्यात मुलगी झोपायला लागली, जेवायला लागली. आवाज पुरते गेले नव्हते, पण लांब गेले होते. 'शेजारच्या गल्लीत बोलल्यागत' असं ती म्हणाली. डॉक्टर खूश, मी तर फारच खूश. अशा वेळी घरभेट करायची असते. घरच्यांना सांगायचं असतं की बरं वाटलं म्हणून गोळी सोडायची नाही, कारण सोडली की आजार दुप्पट जोरानं परत येतो. मॅडम म्हणाल्या, ही भेट आपण दोघी करू, तू बघ मी कशी घेते ते.

एप्रिलचं ऊन होतं. स्टेशनजवळून जीप धरली. रस्त्याचं काम चाललेलं, त्यामुळे चितेगाव येईपर्यंत आमच्या तोंडावर धुळीचा थर बसला. घर दोन खोल्यांचं. समोरच्या भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर आणि शेजारी बुद्ध, दोन्ही पुसून लख्ख. दाराशी पाण्याचे ड्रम ओळीनं झाकून ठेवलेले, कारण शहराला पाणी नेणारी पाइपलाइन त्या रस्त्यानंच जात असली तरी गल्लीत टँकर यायचा. आईनं आम्हाला खुर्च्या दिल्या आणि ताटलीत दोन स्टीलचे ग्लास घेऊन आली. ग्लास चकचकीत घासलेले, काठोकाठ भरलेले.

मॅडमनी हात जोडले. "नको, राहू द्या. आम्ही घेत नाही."

आईचा हात तिथंच थांबला. मी दुसरा ग्लास उचलला आणि घटाघटा पिऊन टाकला. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं नाही. आई ताटली घेऊन आत गेली. एवढ्यावर भागलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण ऊन होतं, घसा कोरडा पडला होता, आणि मॅडम बोलत होत्या. बोलता बोलता त्यांनी पर्समधून आपली बाटली काढली, झाकण उघडलं आणि त्या पाणी प्यायल्या. त्याच खुर्चीवर बसून. त्याच तसबिरीसमोर. त्यांच्या हे ध्यानातही आलं नाही. आत चुलीपाशी उभ्या असलेल्या आईच्या मात्र आलं. मी तिचा चेहरा बघत होते. तो रागावला नाही. फक्त बंद झाला.

पुढचं सगळं तिनं 'व्हय', 'बरं', 'देते गोळी' एवढ्यावर उरकलं. निघताना मी उंबऱ्यात मागं वळले आणि मोठ्यानं म्हटलं, "जयभीम, मावशी." तिनं माझ्याकडे बघितलं आणि हळूच 'जयभीम' म्हणाली. मॅडम पुढे गेल्या होत्या, तरी त्यांना ऐकू गेलं.

जीपमध्ये माझी सुपरव्हिजन झाली. बाकीचे प्रवासी ऐकत होते. मॅडमचा आवाज शांत होता. "आपण तिथं पाहुणे नसतो. तू दोन गोष्टी केल्यास. पाणी घेतलंस आणि स्वतःची ओळख दिलीस." मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही तुमच्या बाटलीतलं पाणी प्यायलात." त्या म्हणाल्या, "मग? मी कुणाच्याही घरी तसंच करते." आणि ते खरं होतं. हीच तर पंचाईत होती. त्यांचं ते खरं असण्यानं त्या घरात काहीही फरक पडणार नव्हता.

पुढच्या तारखेला मुलगी आली नाही. त्याच्या पुढच्या तारखेलाही नाही. फोन केला की आई उचलायची आणि 'कामावर हाय' म्हणून ठेवून द्यायची. आमच्या भाषेत ह्याला 'ड्रॉप-आउट' म्हणतात. मॅडमनी सांगितलं, "लिही. कुटुंबाचं असहकार्य, पाठपुरावा बंद." मी म्हटलं, आधी जाऊन येते. त्या म्हणाल्या, परवानगी नाही. मी रविवारी गेले. रविवारी मी फील्डवर्कवर नसते, माझ्या दोन पायांवर असते.

आईनं पाणी दिलं, मी प्यायले, मग चहा दिला, तोही प्यायले. मग तिनं तोंड उघडलं.

"ताई, कंपनीत सगळ्या जातीची माणसं माह्या हातची पोळी खातेत. म्यानेजरसुद्धा. आन तुमची ती मोठी बाई माह्या घरात येऊन सोतःची बाटली काढती? म्या बाबाच्या दारात गेले नाय. तुमच्या दारात आले. का, तर तिथं शिकलेली माणसं हायेत."

मी नियम सांगितला. सगळा सांगितला, साडी आणि सर्टिफिकेटसकट. तिनं तो शेवटपर्यंत ऐकला.

"असंल नियम. मंग माही एक अट हाय. त्या बाईनं हितं यावं आन ह्या गिलासातलं पाणी प्यावं. दुसऱ्या दिवशी मी पोरीला आणते. नायतर नाय आणत."

मी त्या बाईला चुकीचं म्हणू शकले नाही. आजही म्हणू शकत नाही. माझ्या आजीनं कुणाच्या तरी ओसरीवर वरून ओतलेलं पाणी ओंजळीत झेलून प्यायलेलं आहे. एका ग्लासावरून एवढं कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांना कधी वेगळा ठेवलेला ग्लास मिळालेला नसतो.

सोमवारी मी मॅडमसमोर उभी राहिले आणि अट सांगितली. त्यांचा चेहरा पडला. खरंच पडला. "ती असं समजली? मी जात मानत नाही." आणि त्यांनी आपल्या कॉलेजातल्या मैत्रिणींच्या जातींचा पाढा वाचायला घेतला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही मानता की नाही ह्याचा काही संबंध नाही. मुलीच्या गोळ्या बंद आहेत. जाऊन एक ग्लास पाणी प्यायचं आहे."

"अटी घालून क्लायंट आपल्याला चालवायला लागला की उपचार संपतात. उद्या प्रत्येक घर अट घालेल."

"घालू दे."

"तू ह्या केसमध्ये वाहवत गेली आहेस." मग त्यांनी पुस्तकातला शब्द वापरला. ओव्हर-आयडेंटिफिकेशन. म्हणजे कार्यकर्त्यानं स्वतःला पेशंटच्या जागी बघणं. "ती तुमच्यातली आहे म्हणून तुला..."

त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. मी ते सोडू दिलं नाही. "हो, आहे. आमच्यातलीच आहे. आणि मी ते 'असहकार्य' लिहिणार नाही. तिच्या आईनं सहकार्य केलं होतं. काठोकाठ भरून आणलं होतं."

माझ्या त्या सत्राच्या मूल्यमापनात 'ओव्हर-आयडेंटिफिकेशन' असा शेरा आला. मी खाली सही केली नाही. कॉलेजातल्या विभागप्रमुखांनी बोलावलं, समजावलं, सही कर आणि मोकळी हो म्हणाले, वर्ष कशाला घालवतेस. मी म्हटलं, शेरा खोडा, सही करते. कुणी खोडला नाही. मी फील्डवर्कमध्ये नापास झाले आणि तेवढ्यासाठी आणखी एक वर्ष त्याच कॉलेजच्या पायऱ्या चढले. माझ्यासोबतच्या पोरी नोकऱ्यांच्या मुलाखती देत होत्या तेव्हा मी ज्युनियर पोरींच्या बाकावर बसले होते. माझी आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. वडील म्हणाले, "तिकीट फाडलेलं नसताना फाडलं म्हणून सही करायची नसती. बरोबर केलं."

आज मी दुसऱ्या एका दवाखान्यात आहे, आणि माझ्याकडे विद्यार्थी येतात. घरभेटीला निघताना मी त्यांना सांगते, पाणी आलं की घ्यायचं. चहा नको असेल तर नाही म्हणा, कारण सांगा, साडी तर मुळीच घेऊ नका. पण पाण्याला नाही म्हणायचं नाही, आणि आपली बाटली जीपमध्येच ठेवायची. एखादा हुशार विद्यार्थी पुस्तक दाखवतो. मी म्हणते, दाखव, मीही वाचलंय, त्याच्यावर नापास झालेय. मॅडम पुढे त्या घरी गेल्या का, असं विचारतात. नाही गेल्या. आणि मी त्यांना माफ केलं का? तेही नाही. पण त्या चितेगावला न जाण्यानं जे अडलं होतं, ते शेवटी आमच्या दोघींपैकी कुणीच सोडवलं नाही, आणि ते मी सांगितल्याशिवाय राहणार नाही.

मूल्यमापन व्हायच्या आधीची गोष्ट. मी पुन्हा एका रविवारी गेले. ह्या खेपेला मुलगी दारातच दिसली. उन्हात उभी, केस सुटलेले, ओठ हलत होते. गोळ्या बंद होऊन बरेच दिवस झाले होते. तिनं मला ओळखलं, पण बघितलं माझ्या खांद्याच्या मागं, तिथं कुणीतरी असल्यासारखं.

मी आत जाऊन पाणीसुद्धा न मागता भांडायला सुरुवात केली. "मावशी, पोरगी पुन्हा आजारी पडायलीय, दिसत नाही का तुम्हाला? मॅडम येणार नाहीत. सोडा आता. वेगळ्या वारी दुसरे डॉक्टर असतात, त्यांच्याकडे आणा, मॅडमचं तोंडही बघू नका."

"दिस बदलून दार बदलतं का?"

"मग पोरीनं काय करायचं?"

"मला काय कळत नाय का, ताई?" तिचा आवाज फाटला. "रात रात मी तिच्याजवळ बसून असते. पण म्या गपगुमान गेले तर काय होतंय? आज बाटली काढली. उद्या आणखी काय काढतेल. इज्जतीला तुमच्याकडं गोळी हाय का?"

मी म्हटलं, नाही. आणि तरीही आणा, असं म्हटलं. ती नाही म्हणाली. मी चिडून म्हटलं की मीही मॅडमशी भांडतेय, माझं वर्ष जाणार आहे, तुमच्यासाठी. ती म्हणाली, मंग भांडा, मी बी भांडायलेय. आम्ही दोघी एकाच बाजूच्या होतो आणि एकमेकींवर ओरडत होतो. आमचा आवाज वाढला तशी मुलगी दारातून आत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. ती ऐकत होती, हे आमच्या लक्षात आलं होतं. पण तिला काही विचारावं, असं आमच्यापैकी एकीलाही सुचलं नाही. तुमचं काय म्हणणं आहे, हा आमच्या शिक्षणातला पहिल्या आठवड्यातला प्रश्न आहे.

दुसऱ्या दिवशी ओपीडी भरलेली होती. मी केसपेपर लावत होते, मॅडम टेबलाशी होत्या, आमच्यात कामापुरतं बोलणं चालू होतं. बाहेर दाराशी शिपाई कुणाला तरी अडवत होता.

"नातेवाईक कुठंय? एकट्या पेशंटला आत घेत नाय. सोबत कोण हाय?"

"कुणी नाय."

मी आवाज ओळखला. उठून दारात गेले. तीच होती. केस घट्ट वेणीत बांधलेले, पण वेणी वाकडी, स्वतःच घातलेली. ओढणीची कड मुठीत गच्च धरलेली. कपाळावर घाम. मी शिपायाला म्हटलं, "मी आहे हिच्यासोबत. येऊ द्या."

"नगं, ताई," ती म्हणाली. "तुमी नाय. मीच हाय सोबत."

शिपाई मॅडमकडे बघायला लागला. मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, "ती सज्ञान आहे. कायद्यानं तिला सोबत कुणी लागत नाही. आत घ्या." हे त्या नियमावर बोट ठेवूनच बोलल्या, आणि तो नियम बरोबर होता. त्यांच्या कडकपणाचा त्या एका क्षणी मला आधार वाटला, हे लिहायला माझा हात जड होतोय, पण लिहिते.

ती आत येऊन बसली नाही. टेबलासमोर उभी राहिली, आणि सरळ मॅडमकडे बघून बोलली. एक एक शब्द जोर लावून, जसा माणूस गोंगाटात बोलतो.

"माही आई तुमच्यावर चिडलीय. बराबर चिडलीय. तुमी आमचं पाणी पेल्या नाय." मॅडम काही बोलणार होत्या. तिनं हात वर केला. "ते तुमचं आन तिचं. तुमी दोघी बघा. ह्या ताई बी त्याच्यात भांडायल्यात, भांडू द्या त्यांना. पाणी तुमच्या सगळ्यांचं हाय. डोस्कं माहं हाय. मला गोळ्या पायजेत."

मला माझ्यातल्या माझ्यात रागही आला, कारण मी तिच्यासाठी वर्ष पणाला लावायला निघाले होते आणि तिनं मला त्या दोघींच्या रांगेत नेऊन उभं केलं होतं. आणि त्याच वेळी मला एवढा अभिमान वाटला, की डोळे भरून आले ते लपवायला मी केसपेपरांत डोकं घातलं.

मॅडमनी खुर्ची पुढं सरकवली. ती बसली. मॅडमनी पेन उचललं आणि नेहमीचे प्रश्न विचारले, त्यांच्या त्या शांत आवाजात. झोप? नाही. जेवण? थोडं. घरून कशी निघालीस?

"आईला म्हणले, कंपनीच्या गेटवर काम बघायला जाते. जीप धरली."

"एकटीनं? जीपमध्ये त्रास झाला?"

"लई. बसलेली सगळी माणसं माझ्यावरच बोलायली होती. डायवर बी. उतर म्हणायली होती, परत जाय म्हणायली होती."

"मग तू काय केलंस?"

पुढचा प्रश्न न विचारता मॅडम थांबल्या. मीही थांबले. मुलीनं मुठीतली ओढणी सोडली, मांडीवर सारखी केली.

"बोलू दिलं," ती म्हणाली.